मडकं, कुंभार आणि देव

"देव आहे हे सिद्ध करा, मग मी मानतो." "देव नाही हे सिद्ध करा, मग मी सोडतो." ही दोन वाक्यं आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, गणपतीच्या मांडवामागे सर्रास ऐकू येतात. बोलणारे दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात की, श्रद्धेची गोष्ट युक्तिवादाने सिद्ध करता येते किंवा खोडता येते. खरंच येते का? येत असेल तर कोणती, आणि कुठपर्यंत?

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात उभं राहून विचारावा. चौकात घड्याळाचा मनोरा आहे, अठराव्या शतकातली मोठी मशीद आहे. तिथून राजाबाजारात गेलं की शहराचं ग्रामदैवत असलेला संस्थान गणपती भेटतो, आणि त्याच राजाबाजारात जैन मंदिरही आहे. त्याच शहरात थोडं लांब नागसेनवन आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मिलिंद महाविद्यालय तिथे आहे. मशिदीत जाणारा मानतो की जगाचा निर्माता एकच आहे आणि त्याला आकार नाही. गणपतीसमोर हात जोडणारा मानतो की निराकार परमेश्वर मूर्तीतही येतो. जैन मंदिरात तीर्थंकरांची पूजा होते, पण जगाला कुणी निर्माता आहे हे जैन दर्शनाला मान्य नाही. बौद्ध विचारातही निर्मात्याला जागा नाही. निर्माता आहे आणि नाही, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तरी या चारही परंपरांत पहिल्या प्रतीचे तर्कपंडित होऊन गेले. तेव्हा ज्याला तर्क कळतो तो आपोआप आपल्याच बाजूला येईल, ही आशा आधीच बाजूला ठेवायला हवी.

१. एक श्रद्धा म्हणजे अनेक दावे

आपण "धर्मावर विश्वास" असं एका दमात म्हणतो, पण त्यात निरनिराळ्या जातीचे दावे असतात. "जगाला निर्माता आहे" हा विश्वाविषयीचा दावा. "अमुक संतांनी अमुक चमत्कार केला" हा घडलेल्या गोष्टीविषयीचा दावा. "हा नवस बोलला की काम होतं" हा परिणामाविषयीचा दावा. "कुणालाही हीन लेखू नये" हा कसं जगावं याविषयीचा दावा. चारही दाव्यांना पुरावा वेगवेगळा लागतो. बहुतेक वाद इथेच फसतात: एक जण नवसाचा पुरावा मागतो, दुसरा दयाधर्माचं महत्त्व सांगतो, आणि दोघंही जिंकल्यासारखे घरी जातात. म्हणून एकेक दावा सुटा घेऊ.

२. धूर आणि विस्तव

निर्मात्याच्या दाव्याकडे जाण्याआधी अनुमान म्हणजे काय ते पाहायला हवं. न्यायदर्शनात त्याचं उदाहरण ठरलेलं आहे. डोंगरावर विस्तव आहे, असं मी म्हणतो. का? कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे विस्तव, हे आपण स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे विस्तव आहे. या पाच पायऱ्यांना प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन म्हणतात.

सगळा भार पेलते ती तिसरी पायरी: "जिथे धूर तिथे विस्तव". धूर आणि विस्तवाच्या या पक्क्या साहचर्याला व्याप्ती म्हणतात. ती कच्ची निघाली की वरचं सगळं कोसळतं. चार्वाकांचा आक्षेप तर असा की व्याप्ती पक्की कधी होणारच नाही, कारण जगातले सगळे धूर कुणी पाहिलेत? इतकं ताणलं तर रोजचं जगणंही अवघड होईल. पण जी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा पाहिलेली आहे तिच्याविषयीचं अनुमान आणि जी एकदाही पाहिलेली नाही तिच्याविषयीचं अनुमान, यांत फरक आहे, ही त्यांची सावधगिरी जपून ठेवण्यासारखी आहे.

३. उदयनाचार्यांचा कुंभार

ईश्वराच्या बाजूने भारतात सगळ्यात नेटाने युक्तिवाद केला तो मिथिलेच्या उदयनाचार्यांनी, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास. त्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथच मुळी ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेला. त्यांची एक आख्यायिका सांगतात. ते जगन्नाथाच्या दर्शनाला गेले तर देऊळ बंद. तेव्हा त्यांनी देवालाच ऐकवलं की, आज ऐश्वर्याच्या मदात मला विसरतोस, पण बौद्ध तुला नाकारायला आले की तुझं अस्तित्व माझ्या हाती असतं. गोष्ट घडलेली असो वा नसो, देवाची बाजू तर्काने लढवणाऱ्या माणसाचा विश्वास तीत पुरेपूर उतरला आहे.

त्यांच्या अनेक युक्तिवादांतला सगळ्यात प्रसिद्ध असा. मडकं हे कार्य आहे, म्हणजे ते कधीतरी तयार झालं. त्यामागे कुंभार असतो. पृथ्वी, डोंगर, झाडांचे अंकुर हीही कार्यं आहेत. म्हणून त्यांच्यामागेही कुणी जाणता कर्ता असला पाहिजे, आणि एवढं सगळं करणारा तो आपल्यासारखा मर्यादित असणार नाही. पाच पायऱ्या ओळीने लावून पाहा, सगळ्या जागच्या जागी बसतात.

1802 मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम पेली या धर्मगुरूने याच वळणाचा युक्तिवाद खिशातलं घड्याळ घेऊन केला. आपल्याला शहागंजचा मनोरा पुरे. तिथलं घड्याळ आपोआप उगवलं असं कुणी म्हणणार नाही. काटे, चाकं, आकडे यांची जुळणी पाहिली की घडवणारा आठवतोच. मग त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा डोळा पाहून का आठवू नये? हा युक्तिवाद पहिल्या ऐकण्यात पटतो, आणि ज्यांना पटतो ते भोळे असतात असं मुळीच नाही.

मुस्लिम परंपरेतल्या इमाम गझाली (1058–1111) यांचा मार्ग थोडा निराळा आहे: जे सुरू होतं त्याला कारण असतं; जग सुरू झालं; म्हणून जगाला कारण आहे. इथे सगळं दुसऱ्या वाक्यावर टेकलेलं आहे. जग कधीतरी "सुरू" झालंच पाहिजे का, यावर बाराव्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न रुश्द यांनी गझालींशी जोरदार वाद घातला. दोघेही पक्के मुसलमान. तेव्हा एखादा युक्तिवाद खोडला म्हणजे श्रद्धाच खोडली, असं समजायचं कारण नाही.

४. वारूळ कुणी बांधलं?

कुंभाराच्या युक्तिवादाचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी दिलं, उदयनाचार्यांच्याही कितीतरी आधी, सातव्या शतकात. तेव्हाही नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ईश्वराचा युक्तिवाद करतच होते. वेरुळची बौद्ध लेणी साधारण त्याच काळातली. धर्मकीर्तींचं म्हणणं असं: मडकं मातीचं असतं आणि ते कुंभार करतो. वारूळही मातीचंच असतं. मग तेही कुंभाराने केलं म्हणायचं का?

प्रश्न साधा दिसतो, पण घाव बरोबर व्याप्तीवर बसतो. मडक्यामागे कुंभार असतो हे आपल्याला कळतं, कारण कुंभाराला मडकी घडवताना आपण पाहिलेलं आहे. डोंगर घडवणारा कुणी पाहिलेला नाही. "कार्य" हा एक शब्द मडक्यालाही लागतो आणि डोंगरालाही, म्हणून दोघांचं कारणही एकाच प्रकारचं, हे अनुमान शब्दाच्या सारखेपणावर उभं आहे. धर्मकीर्ती म्हणतात, पांढुरकं काही दिसलं म्हणून विस्तवाचं अनुमान करू नये. धूरच दिसायला हवा.

जैन आचार्य जिनसेन नवव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानी. वेरुळचं कैलास लेणं ज्या घराण्याने कोरवलं तेच हे राष्ट्रकूट. जिनसेनांनी ‘आदिपुराणा’त निर्मात्यावर प्रश्नांची सरबत्ती केली आहे. निर्माता स्वतः कुणी न घडवता असू शकतो, तर जग का असू शकत नाही? तो परिपूर्ण आहे, तर त्याला जग करायची इच्छा का झाली? जग घडण्याआधी तो होता कुठे, आणि घडवायला सामग्री कुठून आणली? स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम यांचा याच विषयावरचा ग्रंथ 1779 मध्ये आला, म्हणजे जिनसेनांनंतर जवळजवळ साडेनऊशे वर्षांनी. निर्मात्याला प्रश्न विचारणं पश्चिमेकडून आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी वेरुळला जावं. बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी एकाच डोंगरात शेजारी शेजारी आहेत.

डोळ्याच्या गुंतागुंतीचं काय? 1859 मध्ये डार्विन यांनी दाखवलं की लहान लहान बदल, त्यांतले उपयोगी तेवढे टिकणं आणि अफाट काळ यांतून अशी रचना घडू शकते. त्याने निर्माता नाही हे सिद्ध होत नाही. "दुसरं स्पष्टीकरणच शक्य नाही" हा दावा मात्र संपला, आणि पेली यांचा सगळा भर त्यावरच होता.

माझा निवाडा असा: निर्मात्याच्या बाजूचे युक्तिवाद त्याची शक्यता दाखवतात, खात्री देत नाहीत. विरुद्ध बाजूचे युक्तिवाद ती खात्री काढून घेतात, शक्यता पुसत नाहीत.

५. हौदाचं श्रेय

आता घडलेल्या गोष्टींचे दावे. त्यांना साक्ष लागते. आपल्या शास्त्रांत तिला शब्दप्रमाण म्हणतात. शहागंजचंच उदाहरण घेऊ. इथल्या जुन्या हौदाविषयी इतिहासकार खाफी खान लिहितो की तो सय्यद हुसेन अली याने सुरू केला. पुढे इवज खानाने मशीद आणि इमारती वाढवल्या, तरी मूळ काम हुसेन अलीचंच, आणि उन्हाळ्याच्या टंचाईत लोकांना त्याचा आधार होतो.

यावर मी विश्वास ठेवतो. का? खाफी खान त्याच काळातला माणूस. हौद बांधणं ही नेहमी घडणारी गोष्ट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो निजाम-उल-मुल्काच्या पदरी होता. निजाम-उल-मुल्क 1720 मध्ये हुसेन अली आणि त्याचा भाऊ या सय्यद बंधूंच्या फौजांशी लढला. आपल्या धन्याच्या शत्रूला तो श्रेय देतो आहे. खोटं सांगण्यात ज्याचा फायदा नाही त्याची साक्ष वजनदार असते.

आता पैठणला ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही गोष्ट याच तराजूत टाका. रेडा बोलणं ही नेहमी घडणारी गोष्ट नाही, म्हणून साक्ष हौदाच्या साक्षीपेक्षा कितीतरी भक्कम हवी: डोळ्यांनी पाहिलेल्याची, त्या काळातली, शक्य तर विरोधकांचीही. भक्तांच्या प्रेमातून चालत आलेली कथा तिथपर्यंत पोचत नाही. ज्ञानेश्वरीचं मोल त्याने एका ओवीनेही कमी होत नाही, कारण ते रेड्यावर कधी अवलंबून नव्हतंच. आणि हीच मोजणी प्रत्येक धर्माच्या प्रत्येक चमत्काराला लावायची; स्वतःच्या धर्माला सवलत द्यायची नाही.

साक्षीच्या बाबतीत एक सापळा फार जुना आहे. "ग्रंथ खरा, कारण तो देवाने दिला. देव आहे, कारण ग्रंथात तसं सांगितलं आहे." दोन माणसं एकमेकांना जामीन राहिली की कर्ज कुणाच्याच भरवशावर नसतं. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

६. नवसाची बेरीज

परिणामाचे दावे तपासायला सगळ्यात सोपे, आणि आपण तपासत नाही तेही तेच. खुलताबादला भद्रा मारुती आहे आणि सुफी संतांचे दर्गे आहेत. एकीकडे नवस बोलतात, दुसरीकडे मन्नत मागतात. मागणी सारखीच असते: मूल, नोकरी, परीक्षा, आजार.

समजा, शंभर मुलांनी परीक्षेसाठी नवस बोलला आणि साठ पास झाली. साठ जणांनी पेढे वाटले, गावभर नाव झालं. आता दुसरा प्रश्न विचारा: नवस न बोललेल्या शंभरांपैकी किती पास झाली? तीही साठच असतील तर नवसाने पास-नापासात काही फरक केलेला नाही. हा दुसरा आकडा कुणी मांडत नाही, आणि त्यालाही कारण आहे. नवस फेडायला येतात ते काम झालेलेच. उरलेले चाळीस तिथे दिसत नाहीत, म्हणून त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाला सगळे नवस पावल्यासारखे वाटतात.

यातून मिळालेला धीर खोटा असतो असं मी म्हणत नाही. मुलगा दवाखान्यात असताना आईने दिवा लावला तर तिला बळ मिळतं, आणि ते बळ खरं आहे. पण नवसाच्या भरवशावर औषध थांबवलं, किंवा कुणी बुवा पैसे घेऊन गुण येण्याची हमी देऊ लागला, तर तिथे बेरीज मांडलीच पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच मागितलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

७. एकनाथांनी दाखवलेली कसोटी

शहागंजपासून पैठण पन्नासेक किलोमीटर. सोळाव्या शतकात तिथे संत एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. एक हिंदू आणि एक मुसलमान यांचं भांडण. आडपडदा नाही, दोघं एकमेकांच्या श्रद्धेवर तुटून पडतात. मुसलमान विचारतो, दगडात देव कसा? हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का? मुसलमान पुराणातल्या गोष्टी काढतो, हिंदू त्याला त्याच्याच घरातल्या गोष्टींकडे बोट दाखवतो.

मला या रचनेत तर्काचा एक मोठा धडा दिसतो. दोघांचीही हत्यारं उलटी फिरतात. देव सर्वत्र आहे हे मूर्तीविरुद्ध वापरावं, तर तो दगडातही असणारच. आणि तेच दिशेविरुद्ध वापरावं, तर देवळाच्या गाभाऱ्याचं काय? युक्तिवाद ज्या क्षणी माझ्या हातून शेजाऱ्यावर जातो, त्याच क्षणी तो शेजाऱ्याच्या हातून माझ्यावर येतो. संवादाच्या शेवटी दोघं एकमेकांना आलिंगन देतात, तेही कुणी हरलं म्हणून नव्हे.

ही कसोटी वाचकाने जवळ ठेवावी. "आमच्या पूर्वजांनी हजार वर्षं मानलं, म्हणून खरं." शेजाऱ्याच्या पूर्वजांनीही मानलं, त्याला हा युक्तिवाद चालेल का? "कोट्यवधी लोक मानतात." त्याच्याकडेही कोट्यवधी आहेत. "मला प्रचिती आली." त्यालाही आली. शेजाऱ्याच्या तोंडी जो युक्तिवाद आपल्याला लंगडा वाटतो, तो आपल्या तोंडीही लंगडाच असतो.

प्रचितीविषयी एवढंच: अनुभव आला हे अनुभव घेणाऱ्यापुरतं निर्विवाद आहे, त्याचा अर्थ काय हे नाही. ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेवांनी ‘शब्दखंडन’ नावाचं प्रकरण लिहिलं आणि आत्मवस्तू शब्दाने सिद्ध करण्याचा खटाटोपच नाकारला. जे प्रमाणाच्या पलीकडचं म्हणून सांगितलं जातं ते दुसऱ्यावर लादताही येत नाही, हे त्यातून ओघानेच येतं.

८. पंडितासारखा की राजासारखा

उरला कसं जगावं याचा दावा. इथे तर्काला पुष्कळ काम आहे. 1935 मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी धर्म तपासले. 1950 च्या एका लेखात त्यांनी कसोट्याही मांडल्या: धर्म बुद्धीला पटणारा हवा, आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता त्याला मान्य हवी. देव आहे की नाही यापेक्षा हा धर्म माणसाला माणूस म्हणून वागवतो का, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. त्याला युक्तिवाद लागतात, पुरावे लागतात, आणि उत्तर मिळतं.

त्याच 1950 साली त्यांनी या शहरात महाविद्यालय सुरू केलं. त्याला नाव मिळालं एका प्रश्न विचारणाऱ्या राजाचं, आणि परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खूचं. ग्रीक राजा मिलिंद आणि नागसेन यांची प्रश्नोत्तरं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. मिलिंदाचे प्रश्न दुधारी असत. उदाहरणार्थ: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो पुरता मुक्त झालेला नाही, स्वीकारत नसेल तर पूजा फुकट. बोला! नागसेन उत्तर देतो की मोठी आग विझून गेली म्हणून लाकडांचा उपयोग संपत नाही, ज्याला विस्तव हवा तो स्वतःच्या प्रयत्नाने पेटवतो. फळ पूजा करणाऱ्याच्या कृतीत आहे, घेणारा असण्यात नाही.

पण त्या ग्रंथात मला सगळ्यात मोलाची वाटते ती वादाआधीची अट. नागसेन राजाला विचारतो, पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडित एकमेकांची गाठ सोडवतात, चूक निघाली तर कबूल करतात, रागावत नाहीत. राजे एक मत धरतात आणि जो मान्य करणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणतो, पंडितासारखा. मग वाद सुरू होतो.

शहागंज-राजाबाजार भागाने मे 2018 मध्ये दंगल पाहिली, जळालेली दुकानं पाहिली. ज्या शहरात चार उत्तरं एकत्र नांदतात, तिथे नागसेनाची अट रोजच्या उपयोगाची आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्याशी देवाधर्मावर वाद घालायला बसला, किंवा तुम्हीच बसलात, तर उदयन आणि धर्मकीर्ती नंतर काढा. आधी एकमेकांना विचारून घ्या: पंडितासारखं बोलायचं की राजासारखं? उत्तर "राजासारखं" आलं, तर चहा घ्या आणि उठा.